कोल्ड स्टोअरेजची मालवाहू लिफ्ट: थंडीत कोणते सुरक्षा भाग घ्यावेत?

सांगली-तासगाव पट्ट्यात कोल्ड स्टोअरेज बांधायला निघालेला माणूस कॉम्प्रेसर आणि पॅनेलच्या दरावरून महिनोन्‌महिने घासाघीस करतो. लिफ्टचं कोटेशन मात्र स्लॅब पडल्यावर मागवतो. त्या कोटेशनवर क्षमता, मजले, वेग आणि किंमत एवढंच असतं, शाफ्टच्या, म्हणजे केबिन वरखाली जाते त्या उभ्या पोकळीच्या तापमानाचा रकानाच नसतो. मग रहिवासी इमारतीत बसणारेच भाग इथेही बसतात. यात लिफ्टवाल्याचा दोष काढता येत नाही. लिफ्टची मानकं मुळात शाफ्ट आणि मशिनरूममध्ये ५ ते ४० अंश सेल्सिअस तापमान राहील असं धरूनच लिहिलेली आहेत. युरोपच्या ईएन ८१-२० मध्ये हे स्पष्ट म्हटलंय आणि आपलं आयएस १७९०० त्याच धाटणीचं आहे. तुमची लिफ्ट या हद्दीबाहेर चालणार असेल तर ते सांगणं तुमचं काम.

पुढचा आढावा तळमजला अधिक दोन-तीन मजले आणि टन-दोन टनांची लिफ्ट घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे बेदाणा शून्य ते पाच अंशांच्या आसपास ठेवतात. वाई-पाचगणीकडची फ्रोजन स्ट्रॉबेरी किंवा आईस्क्रीम उणे १८ आणि त्याखाली. दुसरं काम लिफ्टला जास्त जड जाईल असं वाटतं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. उणे २० अंशांत कायम राहणारा भाग थंड असला तरी कोरडा असतो. खरे हाल होतात ते शून्याच्या वरखाली ये-जा करणाऱ्या भागाचे. जुलैत सांगलीची हवा २६-२७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या घरात जातो. म्हणजे चार अंशांचा लोखंडी पत्रा दार उघडताक्षणी घामेजणार. हेच पाणी उणे तापमानात गेलं की बर्फ होतं, डॉकवर (गाड्या लागतात त्या फलाटावर) आलं की वितळतं आणि पुन्हा गोठतं. लॉक, स्विच, ब्रेक यांचा जीव या चक्रात जातो.

शाफ्ट थंड खोलीत की अँटीरूममध्ये?

बाकी सगळ्या तुलना या एका निर्णयापुढे दुय्यम आहेत. शाफ्ट थंड खोलीच्या आत घेतला तर प्रत्येक मजल्यावर एक इन्सुलेटेड दार वाचतं आणि ट्रॉली सरळ आत जाते. पण मग शाफ्ट म्हणजे सगळ्या मजल्यांना जोडणारी चिमणीच होते. थंड हवा जड, ती पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) उतरून साचते, आणि तिची जागा घ्यायला वरून किंवा डॉककडून दमट हवा आत ओढली जाते. पिटमध्ये पाणी, रेल्सवर (केबिन ज्यांच्या आधाराने सरकते त्या उभ्या रुळांवर) दव, वरच्या मजल्यांवर तापमानाची बोंब.

शाफ्ट अँटीरूमच्या (थंड खोलीच्या आधीच्या मधल्या खोलीच्या) बाजूला काढला तर जागा जाते आणि इन्सुलेटेड दारांचा खर्च वाढतो. पण अँटीरूम दहा-बारा अंशांवर, शक्यतो कोरडी ठेवली तर लिफ्ट मानकाच्या हद्दीत येते आणि सुरक्षा भागांची निम्मी यादी नेहमीचीच चालते. उणे १८ च्या स्टोअरला तर मी शाफ्ट आत घेऊच नका म्हणेन. बेदाण्याच्या स्टोअरमध्येही जागा असेल तर बाहेरच. पुढची चर्चा मुख्यतः ज्यांना नाइलाजाने आत घ्यावा लागतोय त्यांच्यासाठी.

हायड्रॉलिक, रोपवर चालणारी, की नुसता मालाचा हॉइस्ट?

हायड्रॉलिक लिफ्टचा मोठा गुण म्हणजे पुलीवरच्या घर्षणावर ती अवलंबून नसते, त्यामुळे रोपवर (केबिन ओढणाऱ्या तारेच्या दोरावर) दव-बर्फ आल्याने घसरण्याचा प्रश्न येत नाही. दुसरा गुण संकटात कळतो: वीज गेली आणि केबिनमध्ये हमाल अडकला तर हाताने व्हॉल्व्ह उघडून केबिन खाली उतरवता येते. थंड शाफ्टमध्ये हे फार मोलाचं आहे. अवगुण तेलाचा. पॉवर युनिट उबदार खोलीत ठेवलं तरी पाइप आणि सिलिंडर थंडीतच असतात. तेल घट्ट झालं की केबिन मजल्याला नीट लागत नाही, उंबरा राहतो आणि ट्रॉलीची चाकं त्यात अडकतात. टाकीला हीटर आणि थंडीला साजेसा तेलाचा ग्रेड, या दोन गोष्टी ऑर्डरमध्ये लेखी असाव्यात. पाइप फुटल्यास तेल रोखणारा रप्चर व्हॉल्व्ह केबिनचा उतरता वेग ठरल्यापेक्षा ०.३ मीटर प्रतिसेकंदाने वाढेपर्यंत लागलाच पाहिजे. तो सिलिंडरला थेट जोडलेला हवा, आणि त्याचं सेटिंग थंड तेलावर तपासलेलं हवं.

रोपवर चालणारी लिफ्ट जास्त मजले आणि जास्त फेऱ्यांना बरी, वीजही कमी खाते. मशिनरूम वर, इन्सुलेशनच्या बाहेर ठेवता आली तर मोटर, ब्रेक आणि ड्राइव्ह तिघंही वाचतात. मशिनरूमविरहित मॉडेल मात्र थंड शाफ्टला घेऊ नका. त्यात नेमके हेच तीन भाग गारठ्यात लटकतात आणि ब्रेकच्या लायनिंगवर दव गोठलं की सकाळी पहिली फेरी अडते. रोपमध्ये तागासारख्या धाग्याचा गाभा असेल तर तो पाणी शोषतो, म्हणून पोलादी गाभ्याचा रोप मागावा.

तिसरा पर्याय म्हणजे माणूस न बसणारा हॉइस्ट, सगळी बटणं बाहेर. स्वस्त आणि सुटसुटीत, कागदावर उत्तम. पण आपल्याकडची पद्धत बघा. पंधरा किलोच्या बेदाण्याच्या बॉक्सची थप्पी ट्रॉलीवर रचली की ट्रॉलीसोबत माणूस जातोच. मालकाने पाटी लावली तरी जातो. तुमच्या गोदामात तो जाणार असेल तर पहिल्यापासून माणसांची लिफ्ट समजूनच भाग घ्या.

दाराचं लॉक

मालवाहू लिफ्टमध्ये रोजचा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू. नियम साधा आहे: लॅच (लॉकचा हुक) कमीत कमी ७ मिलिमीटर आत बसल्याशिवाय केबिन हलता कामा नये. थंडीत काय होतं ते एखाद्या अमोनियावर चालणाऱ्या स्टोअरमध्ये पावसाळ्यात लॉकचं झाकण उघडून बघा. हुकाच्या खोबणीत बर्फाची पातळ चकती बसलेली असते, स्प्रिंगवरचं ग्रीस गोठलेल्या तुपासारखं झालेलं असतं आणि पितळी संपर्कांवर हिरवट बुरशीसारखा थर असतो. हा थर ओलाव्यासोबत आलेल्या अमोनियाचा. तांबं-पितळ आणि अमोनिया यांचं जमत नाही, गळती किरकोळ असली तरी.

अशा वेळी लॉक स्वतः धोका करत नाही. संपर्क जुळला नाही की लिफ्ट थांबते, हेच त्याचं काम. धोका पुढे सुरू होतो. गाडी डॉकला लागलेली, हमाल खोळंबलेले, इलेक्ट्रिशियन येतो आणि दोन टोकांना वायर जोडून लॉक ‘डायरेक्ट’ करून देतो. त्या दिवसापासून दार उघडं असतानाही केबिन हलू शकते. म्हणून माझ्या लेखी वारंवार अडणारं लॉक हे वाईट लॉक, कारण ते लोकांना बायपासची सवय लावतं.

साध्या उघड्या खोक्यातलं लॉक आणि आयपी ६५ किंवा ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) चं बंदिस्त लॉक यांच्या किमतीत फरक आहे, तरी थंड शाफ्टला दुसरंच घ्या. संपर्क बंदिस्त डबीत, हुक उघडा पण पाणी निथळेल असा उतरता, आणि शून्याखाली जाणार असेल तर छोटा हीटर. संपर्क सक्तीने उघडणाऱ्या प्रकारचा असावा, म्हणजे चिकटला तरी यंत्रणा तो ओढून वेगळा करते. कुणी ओलाव्यावर उपाय म्हणून साधा मॅग्नेटिक सेन्सर सुचवला तर नको म्हणा, तो लॉकच्या संपर्काची जागा घेऊ शकत नाही. जाळीचं सरकतं दार इथे कुठल्याच अंगाने बसत नाही.

गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर

केबिनचा वेग वाढला की गव्हर्नर (वेगावर लक्ष ठेवणारी पुली) आपला रोप पकडतो, आणि तो रोप सेफ्टी गिअरची (केबिनखालच्या आपत्कालीन पकडीची) पाचर रेलवर आवळतो. थंडीत या साखळीत दोन जागा कच्च्या: गव्हर्नरच्या खाचेत बर्फाळलेला रोप घसरणं, आणि केबिनखालची लिंकेज (रोपची ओढ पाचरीपर्यंत नेणारे दांडे) गोठून जड होणं. मानक म्हणतं की गव्हर्नरची ओढ सेफ्टी गिअर लागायला लागणाऱ्या जोराच्या दुप्पट किंवा ३०० न्यूटन, यातलं जे जास्त तेवढी हवी. लिंकेज जड झाली की ही दुपटीची सोय हळूहळू खाल्ली जाते. गव्हर्नर वरच्या उबदार मशिनरूममध्ये ठेवा आणि लिंकेजला कमी तापमानाचं ग्रीस लावून घ्या.

सेफ्टी गिअरमध्ये निवड दोनच प्रकारांत आहे. एकदम पकडणारा प्रकार ०.६३ मीटर प्रतिसेकंदापर्यंतच चालतो आणि आपल्या बहुतेक मालवाहू लिफ्ट त्याहून हळू असतात. तो रेलच्या पोलादात रुततो, त्यामुळे दवाच्या पातळ थराची त्याला फारशी पर्वा नसते, पण धक्का जबर बसतो. हळूहळू थांबवणारा प्रोग्रेसिव्ह प्रकार माणसाला आणि मालाला बरा, पण त्याचं सगळं गणित रेलवरच्या घर्षणावर. रेल ओली-बर्फाळ असेल तर थांबायचं अंतर वाढतं. अर्ध्या मीटरच्या वेगाला आणि थंड शाफ्टला मी रोलरवाला एकदम पकडणारा घेईन. शाफ्ट अँटीरूममध्ये असेल तर प्रोग्रेसिव्ह. कुठलाही घ्या, त्याला कमीत कमी किती तापमान चालतं हे उत्पादकाकडून लेखी मागा.

बफर, आणि पुराचा हिशोब

बफर म्हणजे केबिन तळाला आदळू नये म्हणून पिटमध्ये बसवलेला धक्का झेलणारा भाग. तेलाचा बफर नाव मोठं असलेला. कुठल्याही वेगाला चालतो, पण तेल थंडीत घट्ट होतं आणि तो परत वर आलाय की नाही हे सांगणारा स्विच लागतो. पॉलियुरेथेनचा स्वस्त, थंडीत कडक होतो आणि ओलाव्यात वर्षानुवर्षं ठेवला तर भुसभुशीतही होतो. पोलादी स्प्रिंग १ मीटर प्रतिसेकंदापर्यंत चालते आणि तिला गारठ्याचं विशेष सोयरसुतक नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा पूर आला. तुमची जागा नदीकाठच्या सखल भागात असेल तर पिट एकदा तरी भरणार हे धरून चाला. भरलेल्या पिटमधल्या तेलाच्या बफरचं तेल बदलावं लागतं. ते कुणाच्या लक्षात राहत नाही. सांगलीत स्प्रिंग, यात मला शंका नाही. गव्हर्नरच्या रोपला ताण देणाऱ्या पुलीचा स्विचही पिटमध्येच असतो, तो आयपी ६७ चा.

उरलेलं थोडक्यात. केबिनसोबत वरखाली होणारी लोंबती केबल साध्या पीव्हीसीची नको, ती गारठ्यात ताठ होऊन तडकते. कमी तापमानाच्या आवरणाची घ्या. लिमिट स्विच (केबिन हद्दीपुढे गेली की थांबवणारे) बंदिस्त, ग्लँड (केबल आत शिरते ते तोंड) खालच्या बाजूला. केबिनचा सांगाडा उणे तापमानात राहणार असेल तर पोलाद आयएस २०६२ च्या ‘सी’ दर्जाचं, कारण त्याची आघात-चाचणी उणे २० अंशांना होते. साध्या ‘ए’ दर्जाची सक्तीने होत नाही. आपत्कालीन दिवा आणि अलार्मची लेड-ॲसिड बॅटरी उणे २० ला जवळजवळ निम्मी ताकद देते, म्हणून बॅटरी बाहेर ठेवून फक्त वायर आत न्या. अलार्म रात्रपाळीचा वॉचमन बसतो तिथे वाजला पाहिजे.

परवान्याचं काम महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याखाली येतं. निरीक्षक येऊन बघून जातो, पण तो बहुधा प्लांट सुरू व्हायच्या आधी येतो, आणि लिफ्टवालाही तेव्हाच चाचणी देऊन हिशोब मिटवायला बघतो. म्हणून पेमेंटचा शेवटचा हप्ता थंड चाचणीला बांधा. स्टोअर ठरलेल्या तापमानाला आठवडाभर चाललेलं असावं, लिफ्ट रात्रभर उभी असावी, आणि पहाटे त्यांच्याच माणसाने पूर्ण भार घालून गव्हर्नर हाताने लावून सेफ्टी गिअर पकडून दाखवावा. त्याच वेळी प्रत्येक मजल्याचं लॉक उघडून आत बर्फ आहे का ते बघा आणि फोटो काढून ठेवा.