हॅवलॉक: डाइव्ह कुठे मारायची, जेवायचं कुठे

दादर-ठाण्याकडच्या बऱ्याचशा अंदमान पॅकेजमध्ये हॅवलॉकला एकच रात्र देतात, सकाळची फेरी बोट, दुपारी राधानगर बीच, दुसऱ्या दिवशी एलिफंट बीचला घाईघाईत स्नॉर्केलिंग आणि लगेच नील बेट. ज्यांना पाण्यात उतरायचंय त्यांनी असलं पॅकेज घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. (आता कागदोपत्री हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, 2018 च्या डिसेंबरपासून, पण फेरीच्या रांगेपासून हॉटेलपर्यंत सगळे जुनंच नाव घेतात.) हे बेट खरं समजतं ते समुद्राखाली आणि बाजारातल्या थाळीत, आणि दोन्हीला निवांत वेळ लागतो.

आधी डाइव्हिंग, कारण पैसे तिथेच जास्त जातात. कधीच हवेची टँक पाठीवर घेतली नसेल तर ट्राय डाइव्ह, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची पहिली चाखून बघायची डाइव्ह, करायची, ती साधारण नेमो रीफला होते, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं, बोटीची उडी नाही की काही नाही, त्यामुळे घाबरणाऱ्या माणसाला ही जागा फार बरी. आम्ही गेलो तेव्हा नवऱ्याला नीट पोहता येत नव्हतं, तरी तो खाली गेला आणि अॅनिमोनमधले क्लाउनफिश बघून आला, कारण इन्स्ट्रक्टर फक्त त्याच्यासाठी होता आणि त्याने कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतल्याशिवाय पुढे नेलंच नाही. तोंडाने श्वास, मास्कमध्ये पाणी आलं तर ते काढणं, कान इक्वलाइझ करणं म्हणजे कानातला दाब सोडवणं, हाताच्या खुणा, हे सगळं सावकाश. बुकिंग करताना हेच विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती? आणि उतरायच्या आधी मेडिकल फॉर्म भरून घेता का? दमा, कानाचं ऑपरेशन, बीपी, नुकतीच झालेली सर्दी यातलं काहीही असेल तर लपवू नका, मुंबईहून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. फॉर्म नुसता सही करायला पुढे सरकवणारं दुकान असेल तर सरळ उठून या. आम्ही एका ठिकाणाहून असंच उठून आलो, तिथे 'पैसे आधी, बाकी पाण्यात सांगतो' असं चाललं होतं आणि फोटो छान यावेत म्हणून माशांना ब्रेड घालत होते. पाव खायला घालून रीफची वाट लागते हो. 2010 आणि 2016 ला पाणी तापून अंदमानातलं कोरल (प्रवाळ) मोठ्या प्रमाणात ब्लीच झालंय, म्हणजे पांढरं पडलंय, त्यात आपण अजून कशाला भर घालायची. कोरलला हात लावायचा नाही, शिंपले खिशात घालायचे नाहीत.

ज्यांना सुट्टी जास्त आहे त्यांना मी ट्राय डाइव्हपेक्षा ओपन वॉटर कोर्सच करा म्हणेन. 3-4 दिवस जातात, थोडा अभ्यास असतो, पण मग 18 मीटरपर्यंत जायचं लायसन्स हातात येतं आणि ते जगभर चालतं. किनाऱ्यावर डाइव्ह इंडिया, बेअरफूट, अंदमान बबल्स ही जुनी नावं आहेत, तिघांकडे जाऊन बोला आणि जो इन्स्ट्रक्टर तुमच्या शंका न वैतागता ऐकेल त्याच्याकडे करा, दुकानाच्या बोर्डापेक्षा माणूस महत्त्वाचा. लायसन्स असलेल्यांनी बोट डाइव्हला जायलाच हवं. त्यातली लाइटहाउस ही जागा सोपी आणि रंगीत आहे, द वॉल जेट्टीजवळ, तिथे खडक सरळ खोल उतरत जातो. पण मन जिथे राहिलं ती जागा म्हणजे डिक्सन्स पिनॅकल, निळ्या पाण्यातून हळूहळू खडकाचे सुळके वर येताना दिसतात आणि त्यांच्याभोवती माशांचे थवेच्या थवे. ती आणि जॉनीज गॉर्ज खोल आहेत, पाण्याला जोराचा प्रवाह असतो, नवशिक्यांनी हट्ट करू नये.

आपल्याकडच्या तारकर्लीशी तुलना सगळे करतात म्हणून सांगते. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं सेंटर आहे, तिथे पूलमध्ये पाया पक्का होतो आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने जाता येतं, त्यामुळे आधी तिथे शिकून मग अंदमानला जाणं हा चांगलाच मार्ग आहे. मात्र पाण्याखाली लांबवर स्वच्छ दिसणं, ते हॅवलॉकलाच, तेही साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पावसाळ्यात नको.

आता खाणं. डाइव्हच्या आधी भरपेट नको, केळं, टोस्ट, थोडा चहा बस, बोटीवर उलट्या होणाऱ्यांनी तर अजून सांभाळून. वर आल्यावर मात्र भूक कडकडून लागते आणि तेव्हा रिसॉर्टच्या बुफेत जाऊन पनीर बटर मसाला खाऊ नका, प्लीज. हॅवलॉकची बरीचशी वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे बाजारातल्या साध्या खानावळीत मिळणारी माशाची थाळी हेच इथलं खरं जेवण. गरम भात, पातळ डाळ, एक भाजी, भाजा म्हणजे तळलेलं वांगं किंवा बटाटा आणि मोहरीच्या वाटणातला मासा. मोहरीचं तेल आपल्या जिभेला पहिल्या घासाला उग्र लागतं, दुसऱ्या घासाला आवडायला लागतं. कोकम-नारळाची सवय असलेल्या माझ्या सासूबाईंनी तर रस्सा पुन्हा मागून घेतला. दुपारी लवकर जा, मासा संपतो.

रात्रीसाठी अंजू कोको, तिथे ग्रिल केलेला मासा मागवा, तांबोशी किंवा कुपा जो ताजा असेल तो, आणि शेवंड-खेकडा वजनावर असतो तर ऑर्डर द्यायच्या आधी किंमत विचारून घ्या म्हणजे बिलाच्या वेळी चेहरा पडत नाही. फुल मून कॅफे डायव्हर लोकांचा अड्डा, वाळूत पाय घालून बसायचं, शेजारच्या टेबलावर आज काय दिसलं याच्याच गप्पा. सर्व्हिस सावकाश, खूपच सावकाश, भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या. शाकाहारी मंडळी सोबत असतील तर फॅट मार्टिन कॅफेचे डोसे, पोरांनाही आवडतात. किचन लवकर बंद होतात कारण तिथे संध्याकाळी पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो, आपल्या मुंबईच्या दहाच्या जेवणाच्या सवयीने गेलात तर उपाशी झोपाल. एटीएम मोजकीच आहेत, रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहून (आता कागदोपत्री श्री विजय पुरम) घेऊन जा.

आणि परतीचं गणित बुकिंगच्या वेळीच करा. लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसायच्या आधी कमीत कमी 18 तास गेलेच पाहिजेत, नाहीतर रक्तात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. त्यामुळे शेवटची डाइव्ह सकाळी, दुपारची फेरी, मधली रात्र पोर्ट ब्लेअरला आणि फ्लाइट दुसऱ्या दिवशी दुपारची. त्या संध्याकाळी सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो बघून होतो, हिंदी शोची तिकिटं सीझनमध्ये लवकर संपतात.