‘फेमस फाइव्ह’ची 1955 ची प्रत : वस्तू चांगली, वर्णन चुकीचे

ब्रिटिश लेखिका ईनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ या मुलांच्या साहसकथांच्या मालिकेतील पहिले पुस्तक, ‘फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड’, याची पुठ्ठा बांधणीची जुनी प्रत मी गेल्या महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून परभणीच्या पत्त्यावर मागवली. टपालखर्चासह ती एकवीसशे रुपयांना पडली. प्रत उत्तम आहे, मात्र विक्रेत्याने वर्णन केले होते ती ही नव्हे.

वर्णनात ‘1942 ची प्रत’ असे स्पष्ट लिहिले होते. हॉडर अँड स्टॉटन यांनी हे पुस्तक 1942 मध्ये प्रथम काढले हे खरे. परंतु शीर्षकपानाच्या मागे पुनर्मुद्रणांची जी यादी छापलेली आहे, तिच्यातील शेवटची ओळ 1955 ची निघाली, आणि हातातली प्रत कोणत्या सालची हे ती शेवटची ओळ ठरवते, पहिली नव्हे. वेष्टनाच्या आतल्या घडीवरील किंमत शिलिंग-पेन्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या जुन्या चलनात, आहे म्हणून प्रत ‘अस्सल जुनी’ असल्याचेही विक्रेत्याने ठासून सांगितले होते. ब्रिटनने दशमान चलन 15 फेब्रुवारी 1971 रोजी स्वीकारले, त्यामुळे शिलिंगमधील किमतीवरून प्रत त्याआधीची आहे एवढेच कळते. त्यापलीकडे तिच्यावरून काही ठरत नाही. याशिवाय वेष्टनाच्या पाठीला आतून चिकटपट्टी लावलेली होती, तिचा छायाचित्रात मागमूस नव्हता, आणि डांबरगोळ्यांचा वास जायला आठवडा लागला. तक्रार केल्यावर तीनशे रुपये परत मिळाले, तेही चार फोन केल्यावर.

तरीही मी प्रत परत केली नाही, याचे कारण आयलीन सोपर यांची चित्रे. वयाच्या पंधराव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत जिचे काम प्रदर्शित झाले, अशी ही चित्रकार. मालिकेतील 1942 ते 1963 या काळातल्या एकवीसही पुस्तकांची चित्रे तिचीच आहेत. माझ्याकडे लहानपणापासून असलेली प्रत पेपरबॅक होती. वडील कामानिमित्त हैदराबादला गेले की रविवारी अबिड्सच्या पदपथावरून अशी पुस्तके आणत, बहुतेक वेळा मुखपृष्ठ नसलेली, आणि माझ्या त्या प्रतीत चित्रे दुसऱ्याच कोणाची होती. गोष्टीतल्या किरिन बेटावरच्या पडक्या किल्ल्यातील तळघरे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, तो काळोखा भुयारी मार्गच, उभा राहत असे, आणि ते चित्र आजही पुसले गेलेले नाही. परंतु सोपर यांची टाकाची मोजकी, हलकी रेघ पाहिल्यावर गोष्टीतली ती मुले प्रथमच मला त्यांच्या स्वतःच्या समुद्रकिनाऱ्यावर दिसली. जुन्या पुठ्ठा बांधणीच्या प्रतीत ही रेघ ठसठशीत उमटली आहे. कागद कडांना पिवळा पडला असला तरी मधोमध अजून दुधी आहे.

नवी प्रत निम्म्याहून कमी पैशांत मिळते, मग जुनी कशाला, असे घरातही विचारले गेले. नव्या आवृत्त्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक असावी. प्रकाशकांनी 2010 मध्ये या मालिकेची भाषा आजच्या मुलांसाठी म्हणून बदलली, ‘मदर’, ‘फादर’चे ‘मम’, ‘डॅड’ केले, आणि वाचकांना ते रुचले नाही म्हणून 2016 मध्ये मूळ भाषेकडे परतण्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या एखाद्या गोष्टीतल्या ‘माय’ची कोणी ‘मम्मी’ करावी, तसाच तो प्रकार होता. त्या मधल्या वर्षांतील प्रती सेकंडहँड बाजारात पुष्कळ फिरतात. संग्रहासाठी त्या घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

उलट टोकाला पहिल्या आवृत्तीचा, तोही वेष्टनासह, हव्यास असलेले संग्राहक आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण ज्याला पुस्तक उघडून वाचायचे आहे, त्याने पन्नाशीच्या दशकातील पुनर्मुद्रण घ्यावे. मजकूर तोच, चित्रे तीच, आणि मुलाच्या हातात देताना छाती धडधडत नाही.

आपल्या हवेत मात्र या प्रती जपाव्या लागतात. एप्रिल-मेच्या झळांत पाठीचा जुना डिंक पापडासारखा होतो, आणि पुस्तक सपाट उघडले की पाने सुटतात. श्रावणात कसर लागते. आजी पानांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची, त्याचे तपकिरी डाग माझ्या शालेय पुस्तकांवर अजून आहेत. म्हणून मी पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवतो, पुस्तकात नाही, आणि पुस्तके भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवतो.

वस्तूला पाचपैकी चार, विक्रेत्याला दोन. त्याच्याकडे मालिकेतले 1943 चे दुसरे पुस्तकही आहे, आणि वर्णन पुन्हा ‘पहिली आवृत्ती’ असेच आहे. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, असे मी त्याला सोमवारी कळवले. आज शनिवार आहे. फोटो मुखपृष्ठाचाच आला आहे.