पीआरआय घ्यावी की सिप ट्रंक?

ऑफिसात पन्नास-साठ एक्स्टेन्शनचा ईपीएबीएक्स (आतले फोन आपसात आणि बाहेरच्या लाइन्सशी जोडणारं यंत्र) आहे आणि साध्या लाइन्स काढून डिजिटल घ्यायची आहे, असं धरून लिहितो. बीआरआय, म्हणजे पीआरआयचाच छोटा प्रकार, बाजूलाच ठेवा. तिचे दोन चॅनल, म्हणजे एका वेळी दोन कॉल, इथे काय पुरणार!

पीआरआय ही टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन; तिच्या एकाच जोडणीवर एका वेळी ३० कॉल चालतात. २.०४८ एमबीपीएसचे ३२ कप्पे: ३० बोलण्यासाठी, १६ नंबरचा सिग्नलिंगला (कॉल लावणं-तोडणं), ० नंबरचा ताळमेळ राखायला. प्रत्येक कॉलचे ६४ केबीपीएस राखीव, त्यामुळे अकाउंट्सवाल्याने व्हिडिओ लावला तरी आवाज तुटत नाही. सिप ट्रंकमध्ये कॉल डेटा लिंकवरून जातात, तिचं तसं नाही. जी.७११ (आवाज डिजिटल करायची नेहमीची पद्धत) वर एक कॉल हेडरसकट (डेटाच्या प्रत्येक पाकिटावरची पत्त्याची माहिती धरून) सुमारे ८७ केबीपीएस खातो, तोही दोन्ही दिशांना. सिपसाठी वेगळी लिंक घ्या, नाहीतर रोज तक्रारी ऐका. सोय मात्र मोठी: दहाचे पंधरा चॅनल करायला नवी वायर ओढावी लागत नाही.

पीआरआय छळते ती बसवायच्या दिवशी. ऑर्डर देतानाच लेखी विचारा: सीआरसी४ (लाइनवरच्या चुका तपासायची सोय) चालू की बंद, डीआयडीचे (बाहेरून थेट एक्स्टेन्शनला लागणाऱ्या नंबरचे) किती आकडे पाठवणार, जोडणी १२० ओहमची आरजे४५ की ७५ ओहमची कोॲक्स. शेवटचे चार आकडे येणार असताना ईपीएबीएक्समध्ये आठ भरले, तर थेट नंबर लावणाऱ्याचा फोन हव्या त्या टेबलावर वाजतच नाही.

आणि क्लॉक, म्हणजे दोन्ही टोकांचा ताळमेळ राखणारा ठोका! एका दवाखान्यात ईपीएबीएक्समधल्या पीआरआय कार्डवरचे सगळे दिवे हिरवे, बोलणं स्वच्छ, फक्त मधूनच बारीकसा 'टक'. फॅक्स मात्र दुसऱ्या पानावर तुटायचा. मी दोन दिवस फॅक्स मशीनला शिव्या घातल्या. कार्ड लाइनचं क्लॉक घ्यायचं सोडून स्वतःचंच चालवत होतं. सेटिंग बदललं, संपलं.

सिपमध्ये असा छळ राउटर करतो. एका बाजूचा आवाज येत नसेल तर आधी त्यातलं सिप एएलजी (सिपच्या संदेशातले पत्ते आपणहून बदलणारी सोय) बंद करून बघा. फॅक्स असेल तर टी.३८ (डेटा लिंकवरून फॅक्स पाठवायची पद्धत) मिळतं का, तेही विचारून ठेवा.

वीज गेली तरी पीआरआय चालते, या भरवशावर राहू नका. फायबरवरून आली असेल तर भिंतीवरच्या डब्यालाही यूपीएस लागतोच.

ईपीएबीएक्समध्ये पीआरआय कार्ड आधीपासून असेल तर मी पीआरआयच घेईन. सगळंच नवं घेणार असाल तर सिप. साधी लाइन मात्र एक तरी रिसेप्शनला राहू द्या, ईपीएबीएक्सला न जोडता.