डिझायनरने नोकरी धरावी की फ्रीलान्स? आधी पैसे मागता येतात का बघा

डिझाईन शिकून बाहेर पडलेली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं की नोकरी म्हणजे सेफ पण बोअर आणि फ्रीलान्स म्हणजे आपणच आपले मालक. मला नाही तसं वाटत. डिझाईन दोन्हीकडे तेच असतं, सॉफ्टवेअर पण तेच फिग्मा, तेच इलस्ट्रेटर, आणि "लोगो जरा मोठा करा" हे पण दोन्हीकडे ऐकावंच लागतं. फरक पडतो तो बाकीच्या कटकटीत. कोटेशन, ॲडव्हान्स, फॉलोअप, टॅक्स आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे वसुली, हे नोकरीत दुसरं कोणीतरी बघतं, फ्रीलान्समध्ये तुम्हीच.

आधी पगाराचं बघू. समजा वर्षाला ६ लाखांचं पॅकेज आहे आणि बेसिक त्याच्या निम्मं, म्हणजे महिना २५ हजार. कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्येच धरलेला असतो, ते झाले ३ हजार, ग्रॅच्युइटीचे साधारण बाराशे, मग तुमच्या वाट्याचा पीएफ परत ३ हजार आणि प्रोफेशनल टॅक्स २००, म्हणजे हातात येतात साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. आता कोणी म्हणेल एवढे तर मी दोन लोगो करून काढतो. काढशील रे, पण महिन्यातले निम्मे दिवस कॉल, मीटिंग आणि फॉलोअपमध्ये जातात, मेडिक्लेम स्वतःचा, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन स्वतःचं, लॅपटॉप बसला तर तो पण स्वतःचा, आणि आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. माझ्या हिशोबाने या पगाराची बरोबरी करायला महिना ६५-७० हजारांचं बिलिंग लागतं, तेही वर्षभर, नुसतं दिवाळीच्या सीझनपुरतं नाही.

आणि बिलिंग म्हणजे काही खात्यात आलेले पैसे नाहीत. ६० हजारांचं काम केलंत, समोर कंपनी असेल तर १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आधीच भरायचा इन्कम टॅक्स, कापून ५४ हजार येतील. वरचे ६ हजार बुडाले नाहीत, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसले की रिटर्न भरताना ॲडजस्ट होतात किंवा रिफंड मिळतो, पण कापून घेऊन भरलेच नाहीत असेही महाभाग असतात, म्हणून मधूनमधून पोर्टलवर जाऊन बघायचं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीचं रजिस्ट्रेशन आलं. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाला २,५०० रुपये स्वतः जाऊन भरायचे. यातलं काहीच अवघड नाहीये, फक्त तुमच्यासाठी दुसरं कोणी करणार नाहीये.

वसुलीचं मात्र नीट ऐका. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ऑनलाईन होतं, डिझायनरलाही करता येतं आणि ते काम घ्यायच्या आधीच करून ठेवायचं. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांच्या सीएला एक नम्र मेल टाकला तर अडकलेलं बिल हलू शकतं. अर्थात ओळखीच्या बिल्डरवर किंवा मावशीच्या दीरांच्या हॉटेलवर कोण तक्रार करतंय! तिथे ५० टक्के ॲडव्हान्स आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल, द्यायची नाही, बास. "काका, बॅलन्स कधी करताय?" हे ज्याच्या तोंडून निघत नाही त्याने खुशाल नोकरी करावी, त्यात कमीपणा काही नाही.

कॉपीराईटमध्ये पण मोठा फरक आहे आणि तो फारसा कोणी बघत नाही. नोकरीत केलेलं काम करारात वेगळं लिहिलं नसेल तर कंपनीच्या मालकीचं, पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत, टाकायचं तरी विचारून. फ्रीलान्समध्ये साधारणपणे लोगोचा पहिला मालक डिझायनर, आणि हक्क द्यायचे तर लेखी सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यामुळे "पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातील" ही एक ओळ कोटेशनमध्येच टाका, वसुलीला पण तीच कामाला येते.

शिकण्याचं म्हणाल तर ते कुठलं डिझाईन यावर आहे. ॲपचं, प्रॉडक्टचं काम असेल तर इनहाऊसला, म्हणजे कंपनीतल्या नोकरीला, तोड नाही, कारण तुमची स्क्रीन डेव्हलपरने कशी बनवली, लोक कुठे अडकले, मग सहा महिन्यांनी ती का बदलली हे सगळं आत बसूनच कळतं, फ्रीलान्सर तर फाईल देऊन मोकळा होतो. पॅकेजिंग, ब्रँडिंग, इलस्ट्रेशन, पुस्तकांची कव्हरं हे बाहेरून मस्त चालतं. इनहाऊसमध्ये उलट एकाच ब्रँडचा तोच निळा रंग तीन-तीन वर्षं बघायचा, पोर्टफोलिओ एकसुरी होतो. पण अगदी फ्रेशर असाल तर सीनियर शेजारी पाहिजेच. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, स्क्रीनवरचा भगवा छापून आला की विटकरी दिसतो, हे एकट्याने शिकायचं म्हणजे क्लायंटच्या पैशाने शिकणं.

एका ऑफरपासून मात्र लांब राहा. नाव "कन्सल्टंट", पीएफ नाही, पगारी सुट्टी नाही, दर महिन्याला १० टक्के टीडीएस, पण हजेरी मात्र दहा ते सात आणि बाहेरची कामं घ्यायला बंदी. दोन्हीकडचे तोटे एकाच लेटरहेडवर! घ्यायचीच असेल तर निदान बाहेरच्या कामांची मोकळीक लेखी घ्या आणि रक्कम पगारापेक्षा चांगली दणकून जास्त मागा.

आणि नोकरी सोडायचं पक्कं झालं असेल तर राजीनाम्याच्या आधी दोन कामं उरका. स्वतःचा मेडिक्लेम काढा, कारण कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स नोकरीबरोबरच जातो आणि नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो. दुसरं म्हणजे घर घ्यायचं डोक्यात असेल तर लोनचं आत्ताच बघा, एकदा सॅलरी स्लिप बंद झाली की बँका दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात आणि तोवर त्या सोसायटीतले रेट कुठल्या कुठे गेलेले असतात.