घटक महाविद्यालय की संलग्न? कृषी प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी

बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीची गुणवत्ता यादी लागली की अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलीला दोनशे किलोमीटरवरच्या घटक, म्हणजे विद्यापीठ स्वतः चालवतं त्या महाविद्यालयात पाठवायचं, की तालुक्याच्या गावातलं खासगी संलग्न महाविद्यालय घ्यायचं? पदवी दोन्हीकडे त्याच विद्यापीठाची, अभ्यासक्रम एकच, आठ सत्रंही तीच. मग फरक काय पडतो, असं मामा-काका विचारतात. फरक बराच पडतो.

आधी कारभार पाहू. राहुरी (1968), अकोला (1969), दापोली आणि परभणी (दोन्ही 1972) ही आपली चार कृषी विद्यापीठं 1983च्या कायद्याने चालतात. राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती, आणि कुलगुरूंच्या जोडीला कार्यकारी परिषद व विद्या परिषद. चारही विद्यापीठांचा मेळ घालायला पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे.

घटक महाविद्यालय थेट या रचनेतच बसतं. तिथले प्राध्यापक विद्यापीठाचे. आज वर्गात शिकवणारे सर उद्या संशोधन केंद्रावर बदलून जातात आणि केंद्रावरचे वर्गात येतात. तूर पैदास शिकवणाऱ्याने स्वतः तुरीचे संकर केलेले असतात, याचं मोल मला फार वाटतं. पण याच रचनेची दुसरी बाजू अशी की शासनाने भरती लांबवली की पदं रिक्त राहतात आणि एका शिक्षकावर तीन विषय येतात. संलग्न महाविद्यालय संस्था चालवते. विद्यापीठाचा हात अभ्यासक्रम आणि परीक्षेपुरता. पुण्याची कृषी परिषद त्यांची तपासणी करून श्रेणी देते. ती श्रेणी पाहिल्याशिवाय पर्याय भरूच नका. अ श्रेणीचं महाविद्यालय आणि ड श्रेणीचं, दोन्हींच्या पाट्यांवर विद्यापीठाचं नाव सारखंच असतं.

फीचा हिशेब सरळ आहे: घटकची कमी, खासगीची जास्त. शिष्यवृत्तीचे अर्ज दोन्हीकडच्या मुलांना महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच करायचे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती अनेक पालकांना ठाऊकच नसते. वसतिगृहाचा मुद्दा मात्र पैशांपुरता नाही. घटक महाविद्यालयाच्या वसतिगृहात वरच्या वर्गातली मुलं, एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची मुलं एकाच आवारात राहतात. पुढच्या प्रवेश परीक्षांची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी, कोणत्या विषयात पदव्युत्तर करावं, हे जेवणाच्या टेबलावर कळतं. खासगीत हे वातावरण उभं करावं लागतं. काही संस्था ते मनापासून करतात. लहान तुकडी, वेळेवर तास, घरी फोन करणारे शिक्षक हे त्यांचं बळ आहे, आणि पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलासाठी ते छोटं नाही.

संशोधनात मात्र तराजू स्पष्ट झुकतो. राहुरीच्या पाडेगाव केंद्राने दिलेला फुले 265 ऊस, दापोलीचा रत्ना आंबा आणि वेंगुर्ल्याचे काजू, परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा एनएचएच 44 कापूस आणि बदनापूरची तूर, अकोल्याची मिनी डाळ मिल. हे सगळं विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर आणि कार्यशाळांत वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून आलं. चारही विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीसमोर, म्हणजे सगळे ज्याला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात तिथे, घासूनपुसून तपासल्या जातात आणि मगच शेतकऱ्यांपर्यंत पोचतात. घटक महाविद्यालयातला मुलगा या कामाच्या शेजारी राहतो. खासगी महाविद्यालयाकडे शेत असतं, प्रात्यक्षिकं होतात, पण वाण तिथे घडत नाही.

तरीही पदवीच्या मुलाच्या हातात संशोधन किती येतं, हा प्रश्न रास्त आहे. थोडंच येतं. ग्रामीण कृषी कार्यानुभवाचं सत्र दोन्हीकडे असतं आणि गावात शिकायचं ते तिथे शिकता येतं. म्हणून माझं मत असं: एम.एस्सी. करायचं किंवा शास्त्रज्ञ व्हायचं मनात असेल, तर लांब असलं तरी घटक महाविद्यालय घ्या, आणि चारपैकी ज्या विद्यापीठात तुमच्या आवडीच्या पिकाचं केंद्र आहे ते आधी भरा. भात, आंबा, काजूची ओढ असणाऱ्याने दापोली वर ठेवावी. घरची शेती सांभाळत शिकायचं असेल, आई-वडिलांना हाताशी माणूस हवा असेल, तर जवळचं चांगल्या श्रेणीचं संलग्न महाविद्यालय घ्यायला काहीच कमीपणा नाही. खालच्या श्रेणीचं असेल, तर ते जवळ आहे एवढ्यासाठी घेऊ नका.

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा कार्यालयात शिरण्याआधी तिसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा गाठा आणि विचारा, मागच्या खरिपात तुझ्या प्लॉटवर काय पेरलं होतंस, आणि खुरपणी कोणी केली?