गाडीत ब्रेक ऑइल डॉट ३ टाकायचं की डॉट ४?

आधी गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण बघा, कुठलं लागतं ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, उलटं मात्र करू नका. दोन्ही ग्लायकॉल नावाच्या रसायनाचीच, खरा फरक उकळण्याचा, नवीन डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत टिकतं आणि डॉट ४ २३० पर्यंत. पण दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात आणि पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, मग लांब घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून धरला की आत वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ पडून थेट खाली जातं आणि गाडी थांबतच नाही. फार भयानक प्रकार आहे हा, म्हणून मी तरी डॉट ४ च सांगेन, पण दर दोन वर्षांनी बदलाच, कारण पाणी मुरलेल्या जुन्या डॉट ४ पेक्षा नवं डॉट ३ कधीही बरं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात अजिबात मिसळू नका (५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच). आणि भरताना बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर ऑइलने रंग निघतो.