डॉट नेट ॲपमध्ये ब्राउझर बसवायचाय: वेबव्ह्यू २ घ्यावं का सेफशार्प?

विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफचं (डॉट नेटमध्ये विंडोजच्या खिडक्या बनवायच्या दोन पद्धती) ॲप आहे आणि त्यात वेबपेज दाखवायचंय, तर आधी तो जुना वेबब्राउझर कंट्रोल डोक्यातून काढा. आतमध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच आहे, रजिस्ट्रीत सेटिंग टाकलं नाही तर आयई ७ (इंटरनेट एक्स्प्लोररचं जुनं व्हर्जन) सारखा वागतो आणि आजची कुठलीही साईट उघडली की स्क्रिप्ट एररच्या खिडक्या सुरू.

मग उरतात दोन, मायक्रोसॉफ्टचं वेबव्ह्यू २ आणि सीईएफवर (क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क, म्हणजे ॲपमध्ये बसवायचं क्रोमियम) बांधलेलं सेफशार्प. इंजिन दोन्हीकडे क्रोमियमच (क्रोम आणि एजमध्ये असतं ते), त्यामुळे पेज कशात छान दिसेल यावर वेळ घालवू नका, सिक्युरिटी अपडेट कोण देणार ते आधी ठरवा. वेबव्ह्यू २ चा एव्हरग्रीन रनटाइम (आपोआप अपडेट होणारा ब्राउझरचा भाग) मशीनवर एकदाच असतो, सगळी ॲप्स तोच वापरतात आणि अपडेट मायक्रोसॉफ्ट करतं. विंडोज ११ मध्ये तो आधीपासूनच आहे, १० वर नसेल तर छोटासा बूटस्ट्रॅपर (रनटाइम डाउनलोड करून बसवणारा प्रोग्रॅम) सेटअपमध्ये टाकला की झालं. सेफशार्पमध्ये अख्खा ब्राउझर तुमच्या सेटअपसोबत जातो, म्हणजे शेकडो एमबी, आणि क्रोमियममध्ये काही होल सापडलं की नवीन पॅकेज घ्या, बिल्ड करा, टेस्ट करा, प्रत्येक क्लायंटपर्यंत पोचवा, हे सगळं तुमच्याच गळ्यात. छोट्या टीमला हे झेपत नाही हो, आणि त्याची किंमत क्लायंट मोजतो, म्हणून माझं मत सरळ वेबव्ह्यू २ ला.

व्हर्जन गोठवूनच ठेवायचं असेल तर वेबव्ह्यू २ मध्ये फिक्स्ड व्हर्जन मिळतं, पण मग साईझ आणि अपडेटचं ओझं परत तुमच्याकडेच.

सेफशार्प कधी घ्यावं? सर्व्हरकडून आलेला रिस्पॉन्स वाटेतच बदलायचा असेल तेव्हा. वेबव्ह्यू २ मध्ये रिक्वेस्ट अडवून स्वतःचा रिस्पॉन्स देता येतो, पण सर्व्हरचा रिस्पॉन्स येतायेता फिल्टर करायची तयार सोय सेफशार्पमध्ये आहे. दुसरं म्हणजे डब्ल्यूपीएफमध्ये पेजच्या वर स्वतःचं बटण किंवा पॅनल दाखवायचं असेल, वेबव्ह्यू २ चा साधा कंट्रोल सगळ्यांच्या वर बसतो आणि तुमचं पॅनल त्याच्यामागे गायब होतं. सेफशार्प ऑफस्क्रीन रेंडर करतं (पेज आधी मेमरीत रंगवून मग चित्रासारखं दाखवतं) म्हणून तिथे नीट दिसतं, फक्त जड ॲनिमेशनला अडखळतं. आता वेबव्ह्यू २ चाही, वर पॅनल दाखवू देणारा, कंपोझिशन कंट्रोल आलाय, आधी तो वापरून बघा. सेफशार्पमध्ये एमपी४ व्हिडिओ दाखवायचे असतील तर मात्र जपून, सीईएफच्या तयार बिल्डमध्ये एच.२६४ (एमपी४ मध्ये नेहमी वापरला जाणारा व्हिडिओ कोडेक) नसतं.

विंडोज ७ वाले क्लायंट असतील तर दोन्हीकडे गाडी क्रोमियमच्या १०९ व्हर्जनलाच थांबलीये. आणि लिनक्सवर जायचं असेल तर यातलं एकही चालणार नाही, क्यूटी वेबइंजिन (क्यूटी या सी++ फ्रेमवर्कमधला ब्राउझर) बघा.

वेबव्ह्यू २ घेतलं तर युजर डेटा फोल्डरचा (कुकीज, कॅशे ठेवायची जागा) पाथ पहिल्याच दिवशी लोकल ॲपडेटामध्ये द्या. डिफॉल्टला तो एक्झीच्या शेजारी बनतो, व्हिज्युअल स्टुडिओतून चालवताना सगळं मस्त चालतं, पण प्रोग्रॅम फाइल्समध्ये इन्स्टॉल केलं की तिथे लिहायची परवानगी नसते आणि कंट्रोल सुरूच होत नाही.